परक्या घरचं मुरलेलं जेवण : तुमचेही अनुभव सांगा

रानजाई :
काल उरलेली आमटी आज गरम केली आणि एकदम पोलंडमधलं घर आठवलं. व्रोत्सवाफला आमच्या घरमालकीण आजी हिवाळ्यात बिगोस करायच्या. आंबवलेला कोबी, थोडा ताजा कोबी, डुकराचं मांस, धुरी दिलेलं सॉसेज, सुके आलुबुखार आणि जंगलातून स्वतः वेचून, दोऱ्यात ओवून वाळवलेली अळंबी. मंद आचेवर तासन् तास. पण त्या दिवशी वाढायच्याच नाहीत! बाल्कनीतल्या गारठ्यात झाकून ठेवायच्या, उद्या परत उकळी, परवा पुन्हा. मग राय ब्रेडबरोबर. मला पोलिश येत नव्हतं, त्यांना इंग्रजी नाही. वाडगा रिकामा दिसला की डाव पुढे यायचाच. लिहा तुम्हीही. हॉटेलातलं नको, कुणाच्या तरी घरचं, पोटभरीचं.

टिपूर :
सासर इस्रायलमधल्या अश्दोदचं, बेने इस्रायली, म्हणजे मूळचे कोकणातले ज्यू. शनिवारी हमीन. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी, विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बटाटे, गहू, पांढरा घेवडा, बीफ आणि सालासकट अंडी भरून पातेलं प्लातावर, म्हणजे विजेच्या गरम तव्यावर. रात्रभर तिथेच. दुपारी उघडलं की अंडी आतून तपकिरी! सासूबाई हे मोरोक्कन शेजारणीकडून शिकल्या. त्यांच्या आईच्या घरी मात्र शेवटपर्यंत नारळाच्या रसातली मच्छी.

कोकणकडा :
टिपूर, मालिदा होतो का अजून? आजीच्या शेजारी रेवदंड्याला बेने इस्रायली कुटुंब होतं, त्यांच्याकडून ताट यायचं.

शेवंती :
फोनवरून लिहितेय, कुकर लावलाय. आम्ही शाकाहारी माणसांनी नुसतं वाचायचं की काय :) माझं इथिओपियातलं अदिस अबाबा. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी-शुक्रवारी उपास धरतात, मांस दूध अंडी सगळं बंद. त्या दिवशी शिरो. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण, बेरबेरे मसाला. पिठलंच हो! खाली डोशासारखा इंजेरा, टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेला. सगळे एकाच ताटात. शेजारणीने पहिला घास स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घातला, त्याला गुर्शा म्हणतात. आई गेली त्याच वर्षीची गोष्ट. रडूच आलं मला. शिट्टी झाली, येते.

पिंपळपान :
शेवंती, वाचून डोळे भरले गं.

नावाडी :
जपानातही दुसऱ्या दिवशीची करी जास्त चवदार म्हणतात, ओसाकाला मित्राच्या आईकडे मुद्दाम जास्त करायचे. पण एक कळकळीने सांगतो, मी अन्नतंत्रज्ञ आहे. मोठं पातेलं ओट्यावर तसंच रात्रभर ठेवू नका. काही जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, कोमट रश्श्यात भराभर वाढतात. उथळ भांड्यांत काढा, लवकर गार करा, मग फ्रिज. पोलंडची गारठलेली बाल्कनी वेगळी आणि आपला मे महिना वेगळा. हमीन चालतं, कारण ते रात्रभर गरमच असतं.

पिंपळपान :
बरं झालं सांगितलंत. आमच्याकडे सांबार ओट्यावरच असतं. आत्ता उठून ठेवलं.

कोकणकडा :
रानजाई, आंबवलेला कोबी पुण्यात कुठे मिळेल?

रानजाई :
घरीच करा. 1 किलो बारीक चिरलेल्या कोबीला 20 ग्रॅम मीठ, पाणी सुटेपर्यंत हाताने चुरा, बरणीत दाबून भरा. कोबी पाण्याखाली बुडालेला हवा, वर वजन ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात लवकर आंबतो, रोज चव बघा.

टिपूर :
मुलाला क्लासला सोडून आले. कोकणकडा, होतो तर! घरात काही चांगलं घडलं, नवस फेडायचा असला की एलियाहू हानवी या प्रेषिताच्या नावाने मालिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं.

शेवंती :
पोहे जाड की पातळ?

टिपूर :
आमच्याकडे जाड. नुसते धुऊन निथळत ठेवायचे. सासूबाईंना परत विचारून सांगते, त्या आत्ता झोपल्यात.