चिकट झालेली फिगर आणि परीक्षण लिहिण्याची योग्य वेळ

कोथरूडकर:
नमस्कार. गेली नऊ वर्षे मी मार्व्हल आणि डीसी कॉमिक्समधल्या नायकांच्या, सांधे वाकवता येणाऱ्या सहा-सात इंची अ‍ॅक्शन फिगर जमवतो आहे आणि नवी फिगर हाती आली की त्याच आठवड्यात तिचे परीक्षण लिहितो. तीन वर्षांपूर्वी स्पायडरमॅनच्या एकाच फिगरच्या दोन प्रती घेतल्या होत्या. त्यांतली एक उघडून कपाटात उभी केली आणि दुसरी खोक्यातच बंद ठेवली. यंदा गणपतीआधीच्या आवराआवरीत ती दुसरी उघडली, तर तिच्या अंगावर तेलकट, चिकट थर आलेला होता. कपाटातल्या प्रतीला मात्र काहीच झालेले नाही. हा पुण्याच्या पावसाळी दमटपणाचा परिणाम आहे का? शिवाय, ज्या फिगरचे मी पहिल्याच दिवशी तोंड भरून कौतुक केले तिची अशी अवस्था होणार असेल, तर परीक्षण लिहावे तरी केव्हा?

पेठेतला संग्राहक:
दोष पावसाळ्याचा नाही, बहुधा एप्रिल-मेच्या उन्हाळ्याचा आहे. या फिगर ज्या प्लास्टिकच्या असतात ते पीव्हीसी मुळात कडक असते; ते मऊ आणि लवचिक व्हावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात, आणि हे द्रव्य कालांतराने पृष्ठभागावर झिरपते. उष्णतेने झिरपण्याचा वेग वाढतो. उघड्या हवेत त्यातले काही उडून जाते आणि काही पुसताना निघते, पण बंद खोक्यात ते जागच्या जागी साचत राहते. तुमच्या दोन प्रतींतला फरक त्यामुळेच दिसतो आहे. दमट हवेचा खरा त्रास पुठ्ठ्याच्या खोक्याला बुरशीच्या रूपाने आणि सांध्यांतल्या लोखंडी स्क्रूंना गंजाच्या रूपाने होतो.

फिगर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. नेलपॉलिश काढायचे द्रव कृपया वापरू नका. त्यातल्या अ‍ॅसिटोनने रंग जातो आणि एबीएस या दुसऱ्या, कडक प्लास्टिकचे भाग विरघळतात. चिकटपणा काही महिन्यांनी परत येऊ शकतो, तेव्हा पुन्हा धुवावे लागेल. माळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली संग्रह ठेवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की उन्हाळ्यापूर्वी तो खाली आणावा.

जुना जी. आय. जो:
वेळेच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण मला तो अधिक मोलाचा वाटतो. आमच्या लहानपणी फनस्कूलच्या, पावणेचार इंची जी. आय. जो फिगर मिळत. त्यांचे धड आणि पाय आतल्या एका रबरी कडीने जोडलेले असत. खेळणे नवे असताना कंबर सुरेख वळायची. वर्षांनी रबर सुकून तुटले की एकाच वेळी दोन्ही पाय हातात यायचे. पाठीचा स्क्रू काढून कडी बदलता येते, हे मला फार उशिरा कळले. पहिल्या दिवशीच्या परीक्षणात ही गोष्ट कोणालाही लिहिता आली नसती, आणि विकत घेणाऱ्याला कळायला हवी होती ती नेमकी हीच.

१९८४ मध्ये केनर या खेळणी कंपनीने डीसीची ‘सुपर पॉवर्स’ मालिका आणली तेव्हा पाय दाबले की हात ठोसा मारतो का, एवढे पाहिले तरी बरेचसे काम भागत असे. २००२ मध्ये टॉय बिझने सुरू केलेल्या आणि २००७ पासून हॅस्ब्रोकडे असलेल्या ‘मार्व्हल लेजेंड्स’मध्ये दुहेरी सांध्यांचे, पुरते दुमडणारे कोपर-गुडघे ही खरेदीची मोठी कारणे असतात; म्हणून शंभर वेळा वाकवल्यावर गुडघा सैल पडतो का आणि एका पायावर उभी केलेली फिगर आठवड्याने झुकते का, हे परीक्षणात आलेच पाहिजे. रंगकाम, चेहऱ्याची ठेवण आणि सोबत मिळणारे बदलायचे जादा हात पहिल्याच दिवशी तपासून लिहा. सांधे आणि प्लास्टिक यांच्याविषयीचे मत मात्र एक उन्हाळा उलटल्यावर त्याच परीक्षणाखाली तारखेसह जोडा.

कोथरूडकर:
दोघांचेही मनापासून आभार. फिगर धुतली, चिकटपणा गेला. डावा खांदा अडकला होता; जोर न लावता गरम पाण्यात धरल्यावर तो मोकळा झाला. जुन्या परीक्षणाखाली आज तारीख घालून दोन्ही प्रतींची छायाचित्रे शेजारीशेजारी लावली आहेत.