मदत हवी आहे: थँक्सगिव्हिंगच्या मॅचला आई-बाबांना न्यायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही या वर्षीच बॉस्टनजवळच्या नीडहॅममध्ये राहायला आलोय. लेक हायस्कूलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते, म्हणजे थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरातला इथला सण) शेजारच्या वेलस्ली गावाविरुद्ध होणाऱ्या अमेरिकन फुटबॉलच्या मॅचला जाणं आलंच. ही चुरस १८८२ पासूनची; पब्लिक हायस्कूलांमधली अमेरिकेतली सगळ्यात जुनी मानतात. २०१३ पासून राज्याच्या प्लेऑफची (विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीची) पद्धत बदलली आणि थँक्सगिव्हिंगच्या मॅचचं स्पर्धेतलं वजन घटलं, पण गावात त्याची पर्वा कोणाला! आमच्या शेजारच्या आजोबांसमोर वेलस्लीचं नाव काढायची सोय नाही.

तर, आई-बाबा साताऱ्याहून आलेत. बाबांचा जीव क्रिकेटमध्ये. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना, एवढं सांगितलं. त्यावर म्हणाले, "मग दर पाच सेकंदांनी थांबतात कशाला?" त्यांना पटेल असं कोणी सोप्या मराठीत समजावेल का?

दुसरं म्हणजे थंडी. नोव्हेंबरच्या सकाळी अ‍ॅल्युमिनियमच्या बाकांवर आईचे गुडघे धरतील. खाली घालायला काय नेता? चहाचा थर्मास आत नेऊ देतात का? मध्यंतरात बँड वाजला की उठून निघालो तर वाईट दिसेल का?

आणि हो, नवऱ्याचे ऑफिसातले साहेब वेलस्लीचे आहेत, त्यांनी त्यांच्या बाजूला बसायला बोलावलंय. जावं की गोड बोलून टाळावं?