संगीतप्रकार: समाजाचा हुंकार की दुकानातली पाटी?

आडवा_ताल
संगीतावरचा लेख म्हटला की एक वाक्य ठरलेलं: 'अमुक प्रकार म्हणजे तमुक समाजाचा हुंकार.' ब्लूज म्हणजे काळ्यांचं दुःख, कंट्री म्हणजे खेड्यातल्या गोऱ्यांचं जगणं. मला हे पटत नाही. वाटणी आधी विकणाऱ्यांनी केली, ओळख मागाहून चिकटली.

१९२०च्या दशकात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी काळ्या गिऱ्हाइकांसाठी 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्यांसाठी 'हिलबिली' अशा वेगळ्या याद्या काढल्या. वाजवणारे मात्र एकमेकांचं सर्रास उचलत होते. बॅन्जो हे तारवाद्य आज कंट्रीची खूण. तो आला आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यांतून. गोऱ्या जिमी रॉजर्सला कंट्रीचा जनक म्हणतात ना? त्याची १९३०ची 'ब्लू योडेल नं. ९' लावा. तो योडेल करतोय, म्हणजे आवाज झटकन खालून वर उडवत गातोय, आणि मध्येमध्ये ट्रम्पेट उत्तर देतोय, अगदी गप्पा मारल्यासारखा. तो ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँगचा, पियानोवर लिल हार्डिन, दोघंही काळे जॅझ वादक. आता हा हुंकार कुणाचा, सांगा!

१९४९मध्ये लोकप्रिय गाण्यांच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्ड मासिकाने यादीच्या नावातला 'रेस' शब्द काढून 'रिदम अँड ब्लूज' केलं. गाणी तीच, पाटी नवी.

ठेकेदार
पन्नास वर्षं पुढं या. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, १५२० सेजविक अव्हेन्यू. एका मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. हे कुटुंब जमैकातून आलेलं, त्यामुळे तिथल्या साउंड सिस्टिम (मोठाले स्पीकर लावून चालणाऱ्या नाचाच्या पार्ट्या) त्याने लहानपणी पाहिलेल्या. त्याच्या लक्षात आलं की नाचणारे एकाच जागेची वाट बघतात: गाणं थांबतं आणि नुसते ड्रम्स उरतात तिथली. तो तुकडा जेमतेम काही सेकंदांचा. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावायला लागला. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरून तोच पुन्हा.

रॅप निघालं ते अशा पार्ट्यांतून. इथं कुठली कंपनी होती? रॅपची पहिली मोठी हिट आली १९७९ला. सहा वर्षं हे सगळं पाटीविना चाललं होतं.

आडवा_ताल
बरोबर. आणि ती हिट देणारा गट त्या पार्ट्यांतून वर आला नव्हता, कंपनीच्या मालकीणबाईंनी जमवला होता! वस्तीच्या हलाखीवरचं म्हणून सगळे दाखला देतात ते १९८२चं 'द मेसेज' हे रॅप गाणं घ्या. ते मुख्यतः लिहिलं कंपनीच्या एका वादकाने. ज्या ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेच्या नावावर ते निघालं त्यालाच ते नको होतं. लोक नाचायला येतात, रडगाणं कोण ऐकेल, असा हिशोब. ते व्हावं म्हणून अडून बसल्या त्याच बाई.

ठेकेदार
हट्ट बाईंचा असेल, पण ऐकणाऱ्यांना ते आपलं वाटलं ते का? वस्ती पडकी होती म्हणून. तुम्ही कारखान्याचा पत्ता सांगताय, मी गिऱ्हाइकाचा.

जुना_कॅसेटवाला
दोघंही यंत्राला विसरताय. रोलँडची टीआर-८०८ ही ड्रम मशीन १९८०ची. आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही म्हणून फारशी खपली नाही, १९८३ला बंद. मग सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागली आणि रॅप आणि नाचाचं संगीत करणाऱ्या, पैसे नसलेल्या पोरांच्या हाती पडली. बाकी तुमचं चालू द्या.

मागच्या_रांगेतून
हुंकार-पाटी राहू द्या, शिकागोची गोष्ट ऐका. १२ जुलै १९७९. डिस्कोचा राग असलेल्या लोकांना घरून डिस्कोच्या रेकॉर्डी आणायला सांगून, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्या मैदानात स्फोटाने उडवल्या. गर्दी आत घुसली, दुसरा सामना झालाच नाही. व्हिन्स लॉरेन्स नावाचा काळा मुलगा तिथं प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. त्याने पुढं सांगितलं की लोकांनी आणलेल्या कित्येक रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच, नुसत्या काळ्या कलाकारांच्या होत्या. तोच मुलगा १९८४च्या 'ऑन अँड ऑन'च्या कर्त्यांपैकी एक. हाउस या शिकागोतल्या नाचाच्या संगीताची पहिली रेकॉर्ड म्हणून तिचंच नाव घेतात.

पाटी कंपनीने लावली असेल, आडवा_ताल. पण त्या रात्री जाळणाऱ्यांनी पाटी वाचली नव्हती, मुखपृष्ठावरचा चेहरा बघितला होता.

आडवा_ताल
हं. यावर मला पटकन उत्तर सुचत नाही. १९२०च्या याद्यांबद्दलचं म्हणणं मात्र मागे घेत नाही.

जुना_कॅसेटवाला
घेऊ नका. २०१९ला लिल नास एक्स या काळ्या रॅपरचं 'ओल्ड टाउन रोड' बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढलंच की! घोडा होता, टोपी होती, बॅन्जोसुद्धा होता (तोही नाइन इंच नेल्स या इंडस्ट्रियल रॉक बँडच्या ट्रॅकमधून उचललेला, पण ते असो). कारण काय दिलं, तर आजच्या कंट्रीचे घटक पुरेसे नाहीत. मुख्य यादीत तेच गाणं पुढं १९ आठवडे पहिलं.

ठेकेदार
पुरेसे म्हणजे किती? दोन घोडे?