डब्यावर नुसतं ‘99 टक्के’ लिहिलेला ऑइल फिल्टर घ्यावा का?

प्रश्न
1.2 लिटर पेट्रोल इंजिन, स्पिन-ऑन फिल्टर (आख्खा डबाच आट्यांवर फिरवून बसवायचा), ऑइल दर 10,000 किमीला. एका डब्यावर नुसतं ‘99 टक्के’, दुसऱ्यावर ‘20 मायक्रॉनला 95 टक्के, आयएसओ 4548-12’. दुसरा महाग. खरा फरक किती? आणि सकाळी स्टार्टला दोन सेकंद खडखड येते, त्यात फिल्टरचा हात असतो का?

उत्तर 1
मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग, इथे कणाचं माप) न सांगता टक्के सांगणं म्हणजे भोकाचं माप न सांगता चाळणी विकणं. 40 मायक्रॉनला 99 टक्के अडवणारा फिल्टर 20 ला निम्मेच अडवत असू शकतो, आणि तरी छापलेलं खोटं नसतं. बीटा (आत आलेले कण भागिले पार गेलेले) दिला असेल तर सोपं: बीटा 2 म्हणजे दोन कण आत, एक पार, 50 टक्के. बीटा 20 म्हणजे 95, बीटा 75 म्हणजे 98.7. आयएसओ 4548-12 या चाचणीत तेल फिरत ठेवून धूळ सोडत राहतात, त्यामुळे फिल्टर भरत जाताना कसा वागतो तेही कळतं.

साध्या सेल्युलोज पेपरचे धागे जाडेभरडे. काचतंतूंचे बारीक, म्हणून तेलाला फारसा अडथळा न करता बारीक कण पकडतात आणि कचराही जास्त मावतो. 10,000 ला दोन्हींचा मिश्र पेपर पुरतो. दुसरा घ्या.

उत्तर 2
फिल्टर आडवा आहे की तोंड खाली? तसं असेल तर अँटी-ड्रेनबॅक वॉल्व्ह बघा. इंजिन बंद झाल्यावर तेल फिल्टरमध्ये अडवून धरणारी ही रबराची चकती. नायट्राइल रबर उष्णतेने कडक होतं आणि तेल संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, उतरतं; मग स्टार्टला ते परत वर पोचेपर्यंत खडखड. सिलिकॉन जास्त काळ मऊ राहतं. उतरवलेल्या फिल्टरच्या बाहेरच्या छोट्या भोकांतून बोथट काडीने दाबा. रबर लगेच परत बसलं पाहिजे. तोंड वर असेल तर तेल तसंही आतच राहतं. मग टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर तपासा.

उत्तर 3
बायपास वॉल्व्ह विसरू नका. पेपरच्या दोन बाजूंच्या दाबात साधारण 1 बारचा फरक पडला की तो उघडतो आणि तेल न गाळताच पुढे जातं. पातळ 0W-20 तेलाच्या इंजिनात घट्ट 20W-50 ओतलं तर थंडीत हेच होणार, मग पेपर कितीही भारी असो. काही इंजिनांत हा वॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतो, म्हणून नुसते आटे जुळले की बसव, असं करू नका.

जुना फिल्टर उघडायचा तर कटरने. हॅकसॉचा कीस पेपरवर पडला की इंजिनाचा कोणता आणि करवतीचा कोणता, कळत नाही. घड्या चेपल्यात का आणि चिकटवलेला सांधा सुटलाय का, एवढं पाहा.

उत्तर 4
बसवताना जुनी रबर रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, बोट फिरवून बघा. रिंगवर रिंग बसली की स्टार्ट केल्यावर तेल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगला तेल लावा, टेकेपर्यंत फिरवा, मग हातानेच पाऊण फेरी. पाना फक्त काढायला.

प्रश्नकर्ता
आडवाच आहे, आणि जुन्याचं रबर दाबलं तर दबलेलंच राहतंय. दुसरा डबा घेतोय, चकती सिलिकॉनची आहे का विचारून.