थारच्या वाळवंटात सहकुटुंब, स्वतःच्या फोर बाय फोरने: सल्ला हवाय

गुहागरची_सून
नमस्कार मंडळी. डिसेंबरात मुलांच्या सुट्टीत जैसलमेरला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, सासू-सासरे आणि ११ व ६ वर्षांची मुलं. गाडी सासऱ्यांची जुनी स्कॉर्पिओ, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद), एरवी बागेतून आंबा वाहते. दिवस १०, बजेट सगळं मिळून ७० हजार. वाळूच्या टेकड्यांवर गाडी घालायची मुलांना (आणि सासऱ्यांना) हौस आहे. सोबत काय न्यावं, कुठे जावं? सासूबाईंचे गुडघे दुखतात, उंटावर बसणार नाहीत.

बंड्या_दापोली
जिम्नी घ्या. हलकी गाडी वाळूत रुतत नाही. मी मार्चमध्ये घेतली, एक नंबर.

गुहागरची_सून
जिम्नीत चौघं बसतात. सासू-सासऱ्यांना कॅरिअरवर बांधू का?

थारवाला_९०
थारमध्ये थारच न्यावी. माझी आख्ख्या चिपळुणात उठून दिसते.

खाडीपल्याड
तुमची ती मागच्या चाकांवर चालणारी ना? फोर बाय फोर नव्हे.

थारवाला_९०
रंग बघा की.

खाडीपल्याड
असो. माझा अनुभव. हर्णैजवळ मे महिन्यात पुळणीवर गाडी घातली. ओल्या वाळूवर डांबरी रस्त्यासारखी पळाली. वळवताना सुरूच्या बाजूला कोरड्यात गेलो आणि मागची चाकं बसली. मी दिली रेस, तर गाडी पार पोटावर. त्यात भरती लागलेली. शेवटी एका आजींनी परसातली झापं (छपराला घालतात त्या विणलेल्या माडाच्या झावळ्या) आणून दिली, ती चाकांखाली सरकवली आणि सात जणांनी ढकलून काढली. आजींनी पैसे घेतले नाहीत, पण जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही. तात्पर्य, रुतल्यावर रेस देऊ नका. आणि वाळवंटात सगळीच वाळू कोरडी असते.

वेळासचं_कासव
पुळणीवर गाडी घालून वर सांगताय? तिथे कासवं अंडी घालतात.

खाडीपल्याड
मे महिन्यात होतो हो.

वेळासचं_कासव
मे महिन्यातही पिल्लं निघतात. गुन्हाही दाखल होतो. आणि ताई, जैसलमेरजवळ वाळूच्या टेकड्यांची सम आणि खुरी ही गावं आहेत, त्या बाजूला डेझर्ट नॅशनल पार्क आहे, माळढोक पक्ष्याचं घर. तिथेही वाट्टेल तिकडे गाडी घालता येत नाही, आधी चौकशी करा.

देवगडचो_झिलगो
वाळू बघूक एवढ्या लांब कशाक जातास? आमच्याकडे काय कमी आसा? वर मासेय गावतत.

मस्कत_रिटर्न
१४ वर्षं मस्कतला होतो, सुट्टीला ओमानमधल्याच वहिबाच्या वाळवंटात जायचो. सगळ्यात आधी टायरमधली हवा. ३२ पीएसआय असेल तर १८ वर आणा. टायर पसरतो, लांबट होतो, वजन जास्त जागेवर जातं. पण कमी हवेत झटकन वळवू नका, टायर रिमवरून निसटतो. डांबरीवर येण्याआधी परत भरायची, म्हणून हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि मोजायचं गेज हवंच. ब्रेक दाबून थांबू नका, पुढच्या चाकांसमोर वाळूचा बांध होतो. ॲक्सलेटर सोडा, गाडी आपोआप थांबते. थांबायचं ते उतारावर, तोंड खाली करून. टेकडी सरळ चढायची, सरळ उतरायची. आडवी घातलीत तर उलटेल. चढ जमला नाही तर आपल्याच चाकोरीतून सरळ मागे या, वळवायला जाऊ नका. सकाळी लवकर जा, उन्हाने वाळू आणखी भुसभुशीत होते. आणि एकटी गाडी नेऊ नका. ओढायला दुसरी गाडी नसेल तर पट्टा काय कामाचा?

बंड्या_दापोली
हवा कमी करा, महत्त्वाचं आहे.

मस्कत_रिटर्न
तेच लिहिलंय वर.

सोलकढी
गुहागर ते जैसलमेर एका बाजूने तेराशे किलोमीटरच्या वर. तिथलं फिरणं धरून तीन हजार. गाडीला अकराचं ॲव्हरेज धरलं तर पावणेतीनशे लिटर डिझेल, म्हणजे पंचवीस हजार गेले. वर टोल, जाता-येता मुक्काम. नाताळात जैसलमेरला हॉटेलं अव्वाच्या सव्वा. त्यापेक्षा आगगाडीने जा. मरुसागर एक्सप्रेस कोकण रेल्वेवरूनच अजमेरला जाते. पुढे जैसलमेर पाचशेच्या आसपास. वाळूत तिथलीच जीप करा, चालकासकट. रुतली तर तो बघेल, तुम्ही चहा प्या.

खाडीपल्याड
+१. आणि समला गर्दी असते, खुरी निवांत.

बंड्या_दापोली
तनोटला जा, पाकिस्तान सीमेजवळ. वाटेत लोंगेवाला, १९७१ ची लढाई झाली ती जागा. रामगडला टाकी भरून घ्या. रात्री थंडी मरणाची, आपल्याकडचं स्वेटर पुरत नाही. माझ्या मेव्हण्याने दोन रात्री तोंडावर टॉवेल बांधून काढल्या.

थारवाला_९०
बजेट एक लाख करा, मग बोला.

गुहागरची_सून
सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवताना हा धागा सासऱ्यांना वाचून दाखवला. जीप भाड्याने घ्यायचं आलं तेव्हा त्यांनी ताट बाजूला केलं. "पावसात आंब्याचा भरलेला टेम्पो हिने ओढून काढलाय, वाळू काय घेऊन बसलात." तर स्कॉर्पिओच जातेय. एकटीच. बजेट ९५ वर गेलंय, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. कॉम्प्रेसर आणि गेज मागवलं. सासूबाई हॉटेलवर थांबणार म्हणतात, बहुतेक त्याच शहाण्या. आणि सासऱ्यांनी परसात बसून सहा झापं विणलीत, कॅरिअरवर ताडपत्रीखाली बांधणार आहेत.

मस्कत_रिटर्न
झापं सुकी न्या, ओली कुजतील. आणि १८ म्हणजे १८.

देवगडचो_झिलगो
राजस्थानात कोणी इचारल्यान तर सांगा, छप्पर आसा.