तारांकित प्रश्नाला "हे अंशतः खरे आहे" असं उत्तर आलंय, आता पुढे काय करायचं?

माळरान_२२

नमस्कार मंडळी. आमच्या गावात जलजीवन मिशनची (घरोघरी नळाने पाणी देण्याची सरकारी योजना) टाकी बांधून झाली, पाइप पुरले, दारोदार नळ पण आले, फक्त पाणी नाही. ग्रामपंचायतीत भांडून झालं, पंचायत समितीत निवेदनं देऊन झाली, शेवटी कुणाची तरी ओळख काढून विधान परिषदेच्या एका आमदारांपर्यंत विषय नेला (आमच्या भागातले नाहीत, पक्षही वेगळा) आणि त्यांनी खरंच तारांकित प्रश्न टाकला (म्हणजे ज्याचं मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात). गावात पेढे वाटायचेच बाकी होते.

आता उत्तराची पीडीएफ हातात आलीय. प्रश्नात चार भाग होते, गावात नळजोडण्या देऊनही पाणी येत नसल्याचं निदर्शनास आलं हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, काय आढळलं, नसल्यास विलंबाची कारणे काय. उत्तर असं:

(१) हे अंशतः खरे आहे.
(२) व (३) सदर योजनेची कामे पूर्ण झाली असून सर्व कुटुंबांना नळजोडणी देण्यात आली आहे. उद्भवाच्या (पाण्याच्या स्रोताच्या) बळकटीकरणाची कार्यवाही सुरू आहे.
(४) प्रश्न उद्भवत नाही.

सभागृहात चर्चा झालीच नाही, आमच्या नंबरपर्यंत प्रश्नोत्तराचा तास संपला म्हणे. तर हे जिंकलो समजायचं का हरलो? मंत्र्यांनी सही करून दिलंय म्हणजे आता काही करता येत नाही असं सरपंच म्हणतात. जाणकारांनी सांगा प्लीज.

शिंगाडे_मास्तर

उद्भवच नाही, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही. बरोबरच आहे की शासनाचं 😄

टेबल_नंबर_चार

मंत्रालयात बरीच वर्षं काढलीत, आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं मोकळं लिहितो. सरपंचांचं ऐकू नका. हे उत्तर तुमच्या बाजूचं आहे.

आधी हे उत्तर बनतं कसं ते बघा. विधानमंडळ सचिवालयाकडून प्रश्न विभागात येतो, तिथून जिल्हा परिषदेच्या सीईओंना मेल जातो, तिथून ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कार्यकारी अभियंत्याकडे, त्याच्याकडून उपअभियंत्याकडे, आणि शेवटी शाखा अभियंत्याला फोन जातो की एलएक्यू (विधानमंडळाचा प्रश्न) आलाय, आजच्या आज माहिती पाठव. म्हणजे ज्याच्या कामाबद्दल तक्रार आहे त्याच माणसाने लिहिलेली चार वाक्यं उलट्या रस्त्याने वर चढत जातात, प्रत्येक टेबलावर एखादा शब्द मऊ होतो आणि शेवटी मंत्र्यांच्या नावाने छापली जातात. मंत्री काही तुमच्या टाकीवर चढून बघत नाहीत हो, आणि कक्ष अधिकारीसुद्धा नाही, त्याच्या टेबलावर त्या आठवड्यात असे ढीगभर प्रश्न असतात.

या साखळीत सगळ्यांचा जीव कशात असतो तर "हे खरे नाही" असं लिहिता येईल का यात. ते लिहिता आलं की खालचे सगळे भाग आपोआप मिटतात. म्हणून तर जुने आमदार प्रश्नात "माहे जानेवारी, २०२५ मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले" असं लिहितात. ते "वा त्यादरम्यान" उगाच नाही, नुसतं जानेवारी लिहिलं आणि तक्रार फेब्रुवारीतली निघाली तर साहेब सरळ "खरे नाही" करून मोकळे. तुमच्या केसमध्ये त्यांना ते जमलेलं नाही. "अंशतः" लिहावं लागलं म्हणजे पाणी येत नाही याचा काहीतरी कागद फाइलीत आहे, तो दडपता आला नाही. तो कागद शोधा.

आणि (२) व (३) एकत्र केलेत ते बघा. चौकशी केली का, याचं उत्तर त्यात कुठेय? नाहीच. कामं पूर्ण झाली एवढंच सांगितलंय. दोन भाग एकत्र बांधायची ही जुनी रीत आहे, मी पण बांधलेत.

रोखठोक_राणे

एवढं सगळं करून होतं काय शेवटी? प्रश्न टाकणं हाच काही लोकांचा धंदा आहे. ठेकेदाराच्या नावाने प्रश्न टाकायचा, मग ठेकेदार येऊन भेटतो, मग प्रश्नकर्ते साहेब त्या दिवशी सभागृहात गैरहजर. २००५ ला संसदेत पैसे घेऊन प्रश्न विचारतात हे कॅमेऱ्यात पकडलं होतं ना, ११ खासदारांची हकालपट्टी झाली, त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातले दोन होते. सगळे एकाच माळेचे मणी.

टेबल_नंबर_चार

राणेसाहेब, ते झालंच आहे, नाकारत कोण आहे. पण पैसे देऊन प्रश्न टाकावासा वाटतो याचा अर्थ प्रश्नाला किंमत आहे असाच होतो ना. बिनकामाच्या गोष्टीला कुणी पैसे मोजत नाही.

जुनं उदाहरण देतो. १९५७ ला लोकसभेत एलआयसीने मुंध्रा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे शेअर घेतले का असा प्रश्न आला, सरकारकडून गुळमुळीत उत्तर आलं, तिथे विषय संपला असता. पण डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी तेच पुन्हा धरून सभागृहात पिसं काढली. मग न्या. छागला, जे तेव्हा मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते, त्यांनी मुंबईत जाहीर सुनावणी घेतली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. सुरुवात कशाने, तर एका उत्तरातल्या टाळाटाळीने.

गोदाकाठ

नाशिककर म्हणून माझं मत जरा वेगळं आहे. उत्तर खोटं नसतं, पण ते प्रश्नाला पण नसतं, आणि हे जास्त धोकादायक आहे. जुलै २०२१ आठवतो का? राज्यसभेत प्रश्न होता की ऑक्सिजनअभावी किती मृत्यू झाले. आमच्याच जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार भारती पवार नुकत्याच आरोग्य राज्यमंत्री झालेल्या, त्यांच्या नावाने लेखी उत्तर आलं, आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि राज्यांनी ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याचं विशेषत्वाने कळवलेलं नाही. आणि एप्रिलमध्ये इथे महापालिकेच्या झाकीर हुसेन हॉस्पिटलमध्ये टाकीतून गळती होऊन बावीस माणसं एका दुपारी गेली होती. आता कुणी म्हणेल ती गळती होती, कमतरता नव्हती. हो, तेच तर म्हणतोय! आणि गंमत म्हणजे राज्याच्या तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनीही राज्यात ऑक्सिजनअभावी मृत्यू झाले असं आम्ही म्हटलेलंच नाही असंच सांगितलं. म्हणजे केंद्राने राज्याकडे बोट दाखवलं, राज्याने कळवलंच नव्हतं, कागदावर दोघंही खरे.

त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबर २०२० ला पण तेच, कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तासच रद्द केला होता, फक्त लेखी उत्तरं. लॉकडाऊनमध्ये घरी चालत जाताना किती मजूर गेले विचारलं तर अशी आकडेवारी ठेवली जात नाही. पूरक प्रश्न विचारायला तासच नव्हता. समोरासमोर असते तर निदान कुणीतरी उठून विचारलं असतं की मग ठेवली का नाही.

त्यामुळे माळरान भाऊ, नळजोडणी दिली हे वाक्य तसंच आहे. तुम्ही पाणी विचारलं, त्यांनी नळ सांगितला.

बातमीवाला_भाऊ

तालुका वार्ताहर आहे, अधिवेशन आलं की ह्या याद्यांवरच आमच्या बातम्या चालतात, त्यामुळे थोडी भर.

एक, उत्तरं वाईटच असतात असं नाही. आकडा मागितला तर आकडा येतो. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात मदत व पुनर्वसन मंत्री मकरंद पाटलांचं लेखी उत्तर होतं, जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकरी आत्महत्या, त्यातली ३७३ प्रकरणं मदतीला पात्र, २०० अपात्र, १९४ चौकशीत. सगळ्या पेपरांनी ७६७ छापलं, पण मला विचाराल तर बातमी २०० मध्ये होती. एक लाखाची मदत, ती पण प्रत्येक चार घरांमागे एका घराला नाकारलेली, का नाकारली, कुणी ठरवलं. हे ज्याने विचारलं त्याने नीट विचारलं होतं म्हणून फोड मिळाली. "शेतकरी आत्महत्या वाढल्या हे खरे आहे काय" एवढंच विचारलं असतं तर "अंशतः खरे आहे" वर बोळवण झाली असती.

दोन, खासदारांकडे जाऊ नका या विषयाला. जलशक्ती मंत्रालयाची उत्तरं मी इतकी वाचलीत की डोळे मिटून लिहून देईन, पाणी हा राज्याचा विषय आहे, ऑगस्ट २०१९ ला मिशन सुरू झालं तेव्हा ३.२३ कोटी ग्रामीण घरांना नळ होता, आता इतके कोटी झाले, राज्यांनी दिलेल्या माहितीनुसार. तुमच्या गावाचं त्यात काहीच येत नाही. फार तर संसदेच्या वेबसाइटवर आपल्या जिल्ह्याच्या नावाने शोधून जुनं कुणी काय विचारलं बघा, कधीकधी जिल्हानिहाय तक्ता सापडतो.

तीन, खरं काम माहिती अधिकारात आहे. जिल्हा परिषदेत अर्ज टाका की अमुक क्रमांकाच्या तारांकित प्रश्नाच्या अनुषंगाने शासनास सादर केलेला अहवाल, त्यासोबतचे सर्व पत्रव्यवहार, आणि योजनेची मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही). प्रश्न क्रमांक टाकल्याने टोलवाटोलवी कमी होते, कारण माहिती त्यांनीच नुकतीच गोळा करून वर पाठवलेली असते, उपलब्ध नाही म्हणायची सोय राहत नाही. आणि गाव "हर घर जल" (सगळ्या घरांना नळाने पाणी मिळतंय) म्हणून नुसतं घोषित केलंय का प्रमाणित पण झालंय ते तपासा. प्रमाणित व्हायला ग्रामसभेचा ठराव लागतो. तो ठराव कुणी केला, सह्या कुणाच्या, हे विचारा की सरपंचांना.

माळरान_२२

बाप रे, ठरावाचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता पोर्टलवर बघितलं, गाव प्रमाणित दाखवतंय. कुठली ग्रामसभा झाली काय माहीत, आम्हाला तर कुणाला आठवत नाही. आता कळलं सरपंच विषय मिटवा का म्हणत होते.

@टेबल_नंबर_चार, "कार्यवाही सुरू आहे" याला मुदत वगैरे काही असते का? आणि उत्तर चुकीचं निघालं तर?

टेबल_नंबर_चार

मुदत त्या वाक्यात मुद्दाम नसते. पण असं काही करतो म्हणून सांगितलं की ते आश्वासन धरता येतं आणि दोन्ही सभागृहांची आश्वासन समिती असते त्यासाठी. आमदारांनी हे आश्वासन आहे म्हणून पाठपुरावा करायला हवा, समितीकडे विषय गेला की विभागाला पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. वेळ लागतो, खोटं सांगत नाही, कधीकधी पुढची विधानसभा येते. पण समितीपुढे सचिवांना बसावं लागतं आणि ते कुणालाच आवडत नाही.

चुकीचं निघालं तर हक्कभंग (सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग) वगैरे मोठे शब्द लगेच वापरू नका. त्यात मंत्र्यांनी जाणूनबुजून दिशाभूल केली असं दाखवावं लागतं आणि मंत्री म्हणणार मला खालून हेच आलं. त्यापेक्षा आरटीआयचे कागद हातात घेऊन त्याच आमदारांच्या पीएंना भेटा आणि पुढच्या अधिवेशनाला दुसरा प्रश्न टाका, छोटा. पाणी येते का नको. "योजनेच्या उद्भवाची क्षमता किती, दरडोई ५५ लिटरप्रमाणे गरज किती, प्रत्यक्ष चाचणी कोणत्या तारखेला घेतली" एवढंच. तारीख विचारली की "अंशतः" म्हणता येत नाही. आणि पहिल्या उत्तराचा क्रमांक प्रश्नात घाला, म्हणजे दुसरं उत्तर लिहिणाऱ्याला पहिलं काढून बघावं लागेल.

माळरान_२२

अर्ज असा लिहिलाय, बघा: १) सदर प्रश्नाबाबत जि.प.ने पाठवलेला अहवाल व पत्रव्यवहार, २) मोजमाप पुस्तिका, ३) गावाला पाणी का येत नाही याची कारणे, ४) हर घर जल प्रमाणपत्रासाठीचा ग्रामसभा ठराव व हजेरीपट.

बातमीवाला_भाऊ

३ काढा. "का" विचारलं की ही माहिती होत नाही म्हणून अर्ज फेटाळतात, मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाचा २००८ चा निकाल तोंडपाठ असतो त्यांना. त्याऐवजी "पाणीपुरवठा बंद असल्याबाबत प्राप्त तक्रारी व त्यावरील शेरे" असं लिहा. ४ वेगळ्या अर्जात, तो ग्रामपंचायतीला टाका, तिथला माहिती अधिकारी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) असतो, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा. दोन्हींना दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.