धागा: जीप कपाटात ठेवली म्हणजे युद्ध साजरं केलं होय?

कॅम्पातला: दुसऱ्या महायुद्धातलं युरोपातलं युद्ध ८ मे १९४५ला संपलं, त्याला ८० वर्षं झाली म्हणून काढलेली विलीज जीपची छोटी प्रतिकृती मी काल इथं दाखवली. त्याखाली खानापुरीनं लिहिलं, "मेलेल्यांच्या नावावर खेळणी विकायची आणि मिशा फुटलेल्यांनी ती घ्यायची." रात्रभर तेच डोक्यात. अहो, ती जीप बघून माझ्या सातवीतल्या पोरानं विचारलं, आपले लोक होते काय त्यात? मग सांगितलं. इटलीतली सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५, आपल्या मराठा पलटणीचे नामदेव जाधव. जखमींना पाण्यातनं, सुरुंगांतनं काढलं आणि परत जाऊन मशिनगनची ठाणी बंद पाडली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, शौर्याचा ब्रिटिशांचा सगळ्यात मोठा मान. इटलीतल्या जर्मनांनी हत्यारं टाकली २ मेला. पोरगं जेवायचं विसरलं.

खानापुरी: पोराला सांगायला विलायती खोकं लागतं? त्या खोक्यावर मराठा हा शब्द कुठं आहे, दाखवा. आणि ८ मेला कुणाचं युद्ध संपलं ओ? बर्मात आपली पोरं अजून लढतच होती. जपान नमला १५ ऑगस्टला, अमेरिकेच्या मिसूरी युद्धनौकेवर सह्या २ सप्टेंबरला. ८ मे हा त्यांचा सण. तुम्ही बिल भरून त्यांच्या मिरवणुकीत नाचताय.

उद्यमबाग: ते राहू दे. फोटो मोठा करून बघा, ग्रिलला, म्हणजे पुढच्या जाळीला, ७ खाचा आहेत. युद्धातल्या जीपला ९. ७ वाली सीजे, युद्धानंतरची मुलकी गाडी. हेडलाइटही बाहेर आलेत. मुलकी जीपला हिरवा रंग मारून गळ्यात घातलीय तुमच्या.

कॅम्पातला: १:७६ मापात, म्हणजे खऱ्याच्या ७६व्या हिश्शात, अख्खी जीप साडेचार सेंटिमीटर भरत नाही. त्यातल्या खाचा मोजत बसलात?

शहापूरकरीण: ७च असतात की. आमच्या मामंजींची महिंद्रा होती, मी स्वतः धुतलीय.

उद्यमबाग: वहिनी, महिंद्रानं जीप जोडायला घेतली १९४७ला. युद्ध १९४५ला संपलं. कॅलेंडर बघा.

शहापूरकरीण: कॅलेंडर तुम्ही बघा. ग्रिल धुताना बोट माझं कापलंय, तुमचं नव्हे.

उद्यमबाग: कापलं असेल, पण ती सीजेच. तीस वर्षं कास्टिंग तपासतोय मी. आणि काल कुणीतरी 'पत्र्याची गाडी' म्हटलं, ते पत्रं नव्हे, जस्ताचं मिश्रण. त्यात शिसं जास्त गेलं की कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकतं, जुन्या गाड्या अशाच भुगा झाल्यात. आमच्याकडं डाय, म्हणजे ओतकामाचे साचे, करणारे आहेत, मशिनं आहेत, सगळ्या देशाला पार्ट जातात. पण मराठा पलटणीचं सेंटर याच बेळगावात असून आपली एक गाडी काढावी असं कुणाला सुचत नाही. विलायतेतनं मागवतील, ड्युटी भरतील, वर चुकीची!

टिळकवाडी रिटर्न्स: इथं काढली तर दुकानाच्या पाटीसारखं खोक्यावरही ६० टक्के कन्नड मागतील, नाहीतर दंड. 😄

खानापुरी: झालं, इथंही सीमाप्रश्न! तुम्हाला लग्नपत्रिका दिली तरी त्यात सीमाप्रश्न शोधाल.

टिळकवाडी रिटर्न्स: दुकानाची पाटी मी बदललीय ओ, तुम्ही नाही. बोलायला काय जातंय.

निपाणीकर: भांडा तुम्ही. माझे आजोबा इटलीत होते. जीपचं नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. सांगायचे ते खेचराचं. डोंगरावर चिखल असा की चाक फिरायचं नाही, रेशन आणि दारूगोळा खेचरावर, परतताना त्याच खेचरावर जखमी. एक खेचर गोळा पडला की जागच्या जागी बसायचं, लगाम ओढला तरी उठायचं नाही. आजोबा त्याच्या कानात शिव्या द्यायचे, मराठीत. मग उठायचं. म्हातारपणी बैल अडला की त्याच शिव्या. ते खेचर कुठली कंपनी काढते सांगा, मी पहिला गिऱ्हाईक.

कॅम्पातला: खेचरं मिळतात, सैनिकांच्या सेटमध्ये. रंगवावी लागतात.

खानापुरी: कितीला?

कॅम्पातला: आता का? मिशा फुटल्या वाटतं.

खानापुरी: निपाणीकरांसाठी विचारतोय. जीप मात्र खेळणंच. ७ खाचांचं.

उद्यमबाग: चला, एकानं तरी ७ मान्य केले.

शहापूरकरीण: मी आधीपासून ७च म्हणतेय!